हातावरचा शुगर सेन्सर १४ दिवस लावला, अर्धशिशीसाठी

आधीच सांगते, मला डायबेटिस नाही. मला गेली सतरा-अठरा वर्षं अर्धशिशी आहे, डावी भुवई आणि तिच्या मागे, आणि महिन्यातून पाच-सहा वेळा डोकं उठतं. उठलं की चार तास ते दोन दिवस काहीही. उजेड नको, फोडणीचा वास नको, लोकलमधला तो अगरबत्तीवाला तर नकोच नको. आमच्या घरी याला कायम "पित्ताचं डोकं" म्हणायचे, ओकलं की उतरतं म्हणून. आमसुलाचं सार पिऊन झालं, मोरावळा खाऊन झाला, डोक्याला सुंठ लावून झाली. मग तिशीत पहिल्यांदा न्यूरॉलॉजिस्टकडे गेले तेव्हा कळलं की हे मायग्रेन आहे आणि ओकारी हा त्याचाच भाग आहे, पित्त हे कारण नाही.

तर हा रिव्ह्यू आहे दंडाला चिकटवायच्या त्या गोल सेन्सरचा, ज्याला सीजीएम (सतत साखर मोजत राहणारं यंत्र) म्हणतात. दोन-तीन कंपन्यांचे मिळतात, मी कुठला वापरला ते लिहीत नाही कारण मला जे अनुभव आले ते थोड्याफार फरकाने या प्रकारच्या सगळ्याच सेन्सरना लागू आहेत. मला एक सेन्सर साधारण ४८०० रुपयांना पडला. स्वस्त नाहीये, दोन महिने विचार करून घेतला.

घ्यायचं कारण असं की माझं बहुतेक वेळा डोकं उठतं ते दुपारी साडेतीन-चारला, आणि ज्या दिवशी जेवायला उशीर झाला त्या दिवशी हमखास. डोंबिवलीहून सकाळी सातची लोकल, घरातून निघताना चहा आणि दोन बिस्किटं, ऑफिसला पोचल्यावर परत चहा, आणि डबा दीडला, कधी अडीचला. मला पक्कं वाटायचं की माझी शुगर लो होते आणि म्हणून डोकं उठतं. भुकेने हात थरथरतात, चिडचिड होते, जांभया येतात, मग डोकं. एवढं सरळ दिसत होतं की मी कधी मोजून बघायची गरजच समजली नाही. मॅडमना (माझ्या न्यूरॉलॉजिस्ट) मागच्या व्हिजिटला हेच म्हटलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही लो म्हणताय तो आकडा कधी बघितलाय का?" नव्हता बघितला. त्यांनी आधी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) करायला सांगितली, ती ५.६ आली म्हणजे नॉर्मलच पण काठावर (५.७ पासून पुढे प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी, धरतात), आणि म्हणाल्या हवं तर एकदा सेन्सर लावून बघा पण बरोबर डायरी लिहा, नुसता सेन्सर लावून काही कळणार नाही. हे वाक्य किती बरोबर होतं ते नंतर कळलं.

लावायला सोपं आहे. दंडाच्या मागच्या बाजूला, जिथे चरबी असते तिथे स्पिरिटने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि तो डबीसारखा अप्लिकेटर दाबायचा. खट्ट आवाज येतो. मला भीती सुईची होती पण खरंच दुखलं नाही, कानाला टिचकी मारल्यासारखं. आत एक केसासारखी बारीक लवचिक तार राहते, अर्धा सेंटीमीटर, सुई बाहेर येते. मुलीने लावून दिला, मी डोळे मिटून बसले होते, ती म्हणाली आई झालं पण. एक तास थांबायचं मग मोबाईल जवळ नेला की आकडा दिसतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे पुढचं कळेल. हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. कातडीखाली पेशींच्या मधे जे पाणी असतं त्यातली साखर मोजतो, आणि रक्तातला बदल तिथे पोचायला पाच ते दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे साखर भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा आकडा मागे राहतो. पहिला दिवस तर आकडे जरा इकडेतिकडेच असतात. मी शनिवारी संध्याकाळी लावला ते त्यामुळे बरं झालं, रविवारचे आकडे मी धरलेच नाहीत.

रविवारी रात्री मात्र घाबरले. पावणेतीनला मोबाईल केकाटायला लागला, शुगर ५८. ७० च्या खाली लो आणि ५४ च्या खाली गंभीर हे मी वाचलेलं होतं. नवरा उठून साखरपाणी घेऊन आला, मी प्यायले पण, आणि मग मुलीला आठवलं की आजोबांचं ग्लुकोमीटर कपाटात आहे. बोटाला टोचून बघितलं तर ९४. झालं होतं असं की मी त्याच दंडावर झोपले होते, वजनाने तिथला रक्तपुरवठा दबतो आणि सेन्सर खोटा लो दाखवतो. हे सगळ्या कंपन्यांच्या सेन्सरमध्ये होतं म्हणे. पण पाकिटातल्या मराठी-हिंदी कागदावर हे कुठेही ठळक लिहिलेलं नव्हतं, इंग्रजी पुस्तिकेत बारीक अक्षरात होतं, आणि हेल्पलाइनवर मला वीस मिनिटं ताटकळत ठेवून शेवटी "मॅडम ॲप अपडेट करा" सांगितलं. याचा मला फार राग आला. घरात एकटी म्हातारी बाई असती तर तिने काय केलं असतं. तेव्हा सेन्सर घेणार असाल तर साधं ग्लुकोमीटर जवळ ठेवाच, आणि ज्या कुशीवर झोपता त्याच्या उलट्या हाताला लावा. आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर पुस्तिकेत बघून घ्या, काही सेन्सर त्यामुळे खोटा जास्त आकडा दाखवतात.

आता मुद्द्याचं.

मंगळवारी ऑफिसात ऑडिट होतं. डबा उघडला तीनला. सकाळी बिस्किटांनंतर सरळ तीन, मधे दोन चहा. मी दर अर्ध्या तासाला मोबाईल दंडाला लावून बघत होते, शेजारची विचारायला लागली काय करतेस. ८८, ८४, ८१, ७९. अडीचला ७६. सगळ्यात कमी ७४. म्हणजे एकदाही लो नाही! हात थरथरत होते, जांभया येत होत्या, पण आकडा एकदम नॉर्मल. तीन चाळीसला भुवईच्या वर टोचायला लागलं. तोपर्यंत मी जेवले होते, शुगर १३० च्या पुढे गेली होती, आणि डोकं तरीही चढतच गेलं. म्हणजे "खाल्लं की थांबेल" हेही खरं नाही, एकदा सुरू झालं की पोळी-भाजीने थांबत नाही. आणि सगळ्यात आश्चर्याची गोष्ट संध्याकाळी. साडेसहाला लोकलमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले होते, तीनच्या डब्यानंतर काहीही पोटात गेलं नव्हतं, मळमळत होतं, आणि शुगर १४८. न खाता वाढलेली. नंतर मॅडमनी सांगितलं की दुखण्याने शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं आणि ते लिव्हरमधली साठवलेली साखर बाहेर काढायला लावतं. म्हणजे मी इतकी वर्षं समजत होते साखर डोक्याला ओढते, आणि इथे डोकं साखरेला ओढत होतं.

सोमवारी रात्रीचीही एक नोंद डायरीत होती. जेवण झाल्यावर मला गोड खावंसं वाटत होतं, वेड्यासारखं, फ्रीजमधले दोन पेढे उभ्या उभ्या खाल्ले. आणि जांभया, मान आखडलेली. ॲपवर पेढ्यांचा उंचवटा स्पष्ट दिसतोय. दुसऱ्या दिवशी डोकं उठलं. मी एरवी म्हटलं असतं बघ, पेढे खाल्ले म्हणून झालं. मॅडमनी तो ग्राफ बघितला आणि म्हणाल्या उलटं असू शकतं. मायग्रेन दुखायला लागायच्या कितीतरी तास आधी, कधी आदल्या दिवशीच, मेंदूत सुरू झालेलं असतं. हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग भूक, झोप, तहान सांभाळतो तो आधी जागा होतो, २०१४ साली पेट स्कॅनच्या (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) एका अभ्यासात हे दिसलं होतं की दुखणं सुरू व्हायच्या आधीच तिथे हालचाल वाढलेली असते. म्हणून जांभया, म्हणून मान आखडणं, म्हणून गोडाची ती ओढ. पेढा हे कारण नव्हतं, पेढा ही सूचना होती. चॉकलेटने मायग्रेन होतो असं जे सगळे सांगतात त्यातल्या बऱ्याच जणांचं असंच होत असणार. मला हे ऐकून खरंच मोकळं वाटलं, कारण सतरा वर्षं मी स्वतःला दोष देत आलेय की जिभेवर ताबा नाही म्हणून डोकं उठतं, आणि घरचेही तेच बोलायचे.

गुरुवारी कार्तिकी एकादशी आली. आमच्याकडे एकादशी म्हणजे सकाळी फक्त चहा आणि अकराला साबुदाण्याची खिचडी, मोठी वाटी दोनदा, वर गोड दही, परत चहा. आई (सासूबाई) खिचडी फार सुंदर करतात, दाण्याचं कूट भरपूर, मोकळी मोकळी. बाराला १८७. मला डायबेटिस नाही तरी १८७. साबुदाणा म्हणजे शुद्ध स्टार्च आहे हे माहीत होतं पण ती रेघ अशी सरळ वर जाताना बघणं वेगळं. आणि सव्वादोनला ७१. सव्वादोन तासांत ११६ ने उतरली. घाम, थरथर, भूक अशी की समोरचा कागद दिसेना. चारला डोकं उठलं. लोक हे जे एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात त्याचा ग्राफ काढला तर तो असा दिसेल.

इथे मी लगेच ठरवून टाकलं होतं की सापडलं, चढून उतरणं हेच कारण. पण पुढच्या आठवड्यात शुक्रवारी रजा घेऊन मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेलो. जिलेबी, मठ्ठा, मसालेभात, पुऱ्या, सगळं. १९२ वर गेली आणि ७८ वर आली. जवळजवळ तोच ग्राफ. डोकं? अजिबात नाही. रात्री झोप छान झाली होती, नाश्ता घरून करून निघालो होतो, मन आनंदात होतं. आणि त्याच आठवड्यातल्या सोमवारी पिरियड सुरू झाले तेव्हा डोकं उठलं, दोन दिवस चाललं, आणि त्या सकाळी सेन्सर बिचारा सरळ रेघ दाखवत होता, ९२, ९५, ९०. पिरियडच्या सुमाराला इस्ट्रोजेन एकदम खाली येतं त्याने होणारं हे डोकं, साखरेचा इथे काही संबंधच नाही. म्हणजे तीन अटॅक, तिन्हीचे ग्राफ वेगळे. नुसता सेन्सर बघून मी पहिल्या दोनवरून एक निष्कर्ष काढला असता आणि तो अर्धवट असता. डायरीत झोप, पिरियड, जेवणाची वेळ, ऊन, ताण हे सगळं होतं म्हणून कळलं.

मग मी मॅडमना विचारलं की उपाशी राहून डोकं उठतं हे तरी खरं ना. हो म्हणाल्या, ते पक्कं आहे. जगभरचे डॉक्टर डोकेदुखीचं जे वर्गीकरण वापरतात (त्याची तिसरी आवृत्ती २०१८ ची) त्यात "उपासाची डोकेदुखी" असा वेगळा प्रकारच दिलेला आहे, आठ तास किंवा जास्त न खाल्ल्यावर येणारी, आणि त्यात असंही म्हटलंय की ती शुगर लो न होताही येऊ शकते. इस्रायलमध्ये हॉस्पिटलच्या स्टाफवर एक अभ्यास झाला होता, तो १९९५ मध्ये छापून आला. ज्यू लोकांचा योम किप्पूरचा उपास २५ तासांचा असतो, पाणीसुद्धा नाही. ज्यांनी उपास केला त्यांच्यातल्या ३९ टक्के लोकांचं डोकं दुखलं आणि न करणाऱ्यांतल्या फक्त ७ टक्के लोकांचं, आणि ज्यांना आधीपासून डोकेदुखीचा त्रास होता त्यांच्यात जास्त. वाचून मला आमच्या घरातल्या सगळ्या उपास करणाऱ्या बायका आठवल्या. माझी आई हरतालिकेच्या संध्याकाळी कपाळाला ओढणी घट्ट बांधून बसायची, दरवर्षी, आणि आम्हाला वाटायचं जागरणाने.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के पण एकूण ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि तो मुख्यतः साखरेवर चालतो. मायग्रेनवाल्यांचा मेंदू बदलाला फार लवकर चिडतो असं मॅडम समजावतात. झोप बदलली, जेवण लांबलं, हार्मोन उतरलं, कुठलाही बदल. त्यामुळे आकडा ७४ आहे का ६४ यापेक्षा किती तास पोट रिकामं होतं आणि त्या दिवशी बरोबर आणखी काय काय जमा झालं होतं हे महत्त्वाचं. माझ्यापुरतं तरी १४ दिवसांत हेच दिसलं. मंगळवारी ताण आणि आठेक तास जेवण नाही, एकादशीला आदल्या रात्री पाचच तास झोप.

आता जिलेबीबद्दल, कारण मायग्रेनवर लिहिलं की कोणीतरी विचारणारच. मिरजेला माझी आत्या असते, तिची अर्धशिशी म्हणे सूर्य उगवायच्या आधी दुधात जिलेबी बुडवून खाल्ल्याने गेली. हा उपाय घराघरात आहे, कुठे जिलेबी, कुठे पेढा, कुठे दहीभात आणि खडीसाखर, पण वेळ सगळीकडे तीच, उजाडायच्या आत. तिचं डोकं सूर्याबरोबर चढायचं आणि दुपारनंतर उतरायचं. सेन्सर लावलेलाच होता म्हणून बुधवारी पावणेसहाला दोन जिलेब्या आणि कपभर दूध घेतलं. साडेसहाला १७६. आठला मुलुंडच्या आसपास ७४ आणि हातांना कापरं. डोकं उठलं नाही त्या दिवशी, पण मी दादर येईपर्यंत दारापाशी उभी राहूच शकले नाही, एका मुलीने उठून जागा दिली. आत्याला मी खोटं ठरवत नाहीये. मला वाटतं तिच्या उपायातली वेळ बरोबर आहे. रात्री आठला जेवून सकाळी दहापर्यंत चहावर राहणारी बाई, १४ तासांचा तो उपासच झाला, तो उजाडताना मोडला तर फरक पडणारच. जिलेबीऐवजी दूध आणि थालीपीठ चाललं असतं. आत्याला फोन करून हे सांगितलं तर म्हणाली, "अगं पण थालीपीठ पहाटे कोण लावणार?" तेही खरंच आहे. तिला पहाटे उठून करून घालायला कोणी नव्हतं, जिलेबी आदल्या दिवशी बाजारातून आणून ठेवता यायची.

मी काय बदललं ते सांगते. बिस्किटं बंद, निघायच्या आधी अर्धी भाकरी किंवा दोन धिरडी, चटणीबरोबर, उभ्याने का होईना. साडेदहाला ऑफिसात मूठभर भाजलेले शेंगदाणे-चणे, त्याची छोटी डबी पर्समध्ये कायम. डबा पावणेएकला उघडायचा, साहेब मीटिंगमध्ये असले तरी. एकादशी सोडलेली नाही, आईंना आवडणार नाही आणि मलाही नाही, पण आता भगरीबरोबर दाण्याची आमटी जास्त आणि खिचडी चवीपुरती, सकाळी आठला राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. आईंना मी ग्राफ दाखवला होता. त्या बराच वेळ मोबाईल हातात धरून बघत होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या खिचडीने तुझं डोकं दुखायचं?" मला फार वाईट वाटलं. तसं नाही हो आई म्हणून सगळं समजावून सांगितलं, आणि आता एकादशीला सकाळी त्या स्वतःच लाडवाचा डबा माझ्यापुढे ठेवतात, मी विसरले तरी त्या विसरत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत महिन्याला चार आणि तीन अटॅक आले, आधी पाच-सहा यायचे. थंडीत मला तसाही त्रास कमी असतो त्यामुळे सगळं श्रेय जेवणाच्या वेळांना देत नाही, एप्रिल-मे जाऊ दे मग बोलेन. पिरियडचं डोकं जसंच्या तसं आहे, त्यावर खाण्याने काही फरक नाही, त्याची गोळी वेगळी आणि ती वेळेत घ्यावी लागते. गोळ्यांवरून एक सांगायचंय, साध्या पेनकिलर महिन्यात १५ दिवस आणि ट्रिप्टान जातीच्या (खास मायग्रेनच्या) किंवा कॉम्बिनेशनच्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) गोळ्या १० दिवस, इतके किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मी मधे दोन वर्षं त्यात अडकले होते. कृपा करून मोजा.

आणि ज्यांना डायबेटिस आहे आणि इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत त्यांनी माझा अनुभव स्वतःला लावू नका. तुम्हाला खरोखरची लो होऊ शकते, आणि त्यातही डोकं दुखतं, घाम येतो, थरथर होते. तुम्ही आधी आकडा बघा, ७० च्या खाली असेल तर लगेच साखर, विचार नंतर. माझ्या भावाला भीती होती की मायग्रेनमुळे पुढे डायबेटिस होतो का, तर मॅडम म्हणाल्या उलट फ्रान्समध्ये ७४ हजारांच्या वर बायकांना कित्येक वर्षं बघितलं त्यात ज्यांना मायग्रेन चालू होता त्यांना टाइप टू डायबेटिस कमी झाला, आणि ज्यांना झाला त्यांचा मायग्रेन डायबेटिसचं निदान व्हायच्या आधीपासूनच कमी होत गेला होता. का होतं ते अजून नीट उलगडलेलं नाही. यावरून कोणी शुगर वाढवायला जाऊ नका, डायबेटिस हा काही मायग्रेनचा उपाय नव्हे. तसंच अचानक, एका मिनिटात, आयुष्यात कधी झालं नव्हतं असं डोकं दुखलं, किंवा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सेन्सर, जिलेबी, सगळं बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल.

सेन्सर घ्यावा का? तुम्हाला मायग्रेन आहे, डायबेटिस नाही, आणि जेवणाशी संबंध आहे असा दाट संशय आहे, तर एकदा घ्या, एकच, आणि तेही डॉक्टरला सांगून. पिरियडचे दिवस आणि एखादा उपास त्या १४ दिवसांत येईल असा मुहूर्त बघून लावा. त्या आधी महिनाभर फुकटची डायरी लिहून बघा, कदाचित ४८०० वाचतील, माझं अर्धं उत्तर डायरीतच होतं. ज्यांना प्रत्येक आकड्याने धडधडतं त्यांनी घेऊ नका. मी स्वतः पहिल्या आठवड्यात पोळीचा घास तोडताना विचार करायला लागले होते, मुलीने मोबाईल काढून घेतला एक संध्याकाळ. नॉर्मल माणसाची शुगर पण जेवल्यावर चढते-उतरते, त्याचा प्रत्येक उंचवटा म्हणजे आजार नाही. नुसता लो आहे का बघायचं असेल तर ग्लुकोमीटर पुरतं, पट्टी वीसेक रुपयाला पडते, थरथर सुरू झाली की टोचा, आकडा लिहा. दहा वेळा केलं तरी दोनशे रुपये.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा कापला रात्रीच्या त्या खोट्या अलार्मसाठी आणि एक पूर्ण त्या हेल्पलाइनसाठी आणि मराठीत धड माहिती न दिल्यासाठी.

गर्दीच्या लोकलने जाणाऱ्या बायकांसाठी, लेडीज डब्यात दाराच्या दांड्याला घासून माझ्या सेन्सरची कड तिसऱ्या दिवशी सुटली, वरून केमिस्टकडचा चिकट पट्टा गोल लावला मग टिकला. अंघोळीला काही होत नाही. काढताना ओढू नका, कडेने खोबरेल तेल सोडून दहा मिनिटं थांबा, अलगद निघतो. खाली लाल गोल राहिला होता, चार दिवसांत गेला.